कुटुंब-मांडणी (फॅमिली कॉन्स्टेलेशन)

• प्रवर्तक : जर्मनीचे बर्ट हेलिंगर (१९२५–२०१९). आधी कॅथलिक धर्मगुरू, दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांमध्ये मिशनरी.

• पद्धत : गटातले परके लोक आई, वडील, आजोबांचे ‘प्रतिनिधी’ म्हणून उभे राहतात. कोण किती दूर, कोणाची कोणाकडे पाठ, यावरून नात्यांचा अर्थ लावतात. अकाली गेलेले मूल, घराने तोडलेला नातलग यांनाही जागा मिळते.

• फरक : कुटुंबोपचारात खरे कुटुंबीय समोर बसतात. जिनोग्राम म्हणजे निदान तीन पिढ्यांचा कागदावरचा आराखडा.

• जनुके : मागच्या पिढ्यांचे दुःख पुढे उतरते का, या प्रश्नावर जनुकांचा दाखला दिला जातो. १९४४–४५च्या डच दुष्काळात गर्भात असलेल्यांच्या डीएनएवर सहा दशकांनंतरही रासायनिक खुणा आढळल्या. मात्र त्यातून ही पद्धत सिद्ध होत नाही. तिचे शास्त्रीय पुरावे तुटपुंजे आहेत.

• मानसिक त्रास असल्यास : टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, मोफत.