पत्ता शोधायला वेळ किती? पावणेसात नॅनोसेकंद!

घरातला वायफायचा डबा हाही राउटरच, पण त्याचं काम सोपं. घरातून बाहेर निघालेलं प्रत्येक पॅकेट त्याने एकाच तारेत ढकलायचं. तुमच्या इंटरनेट कंपनीकडे बसलेल्या राउटरपुढे मात्र अख्खं जग असतं. हे पॅकेट सिंगापूरच्या वाटेला लावायचं, फ्रँकफर्टच्या, की शेजारच्याच कंपनीकडे द्यायचं? दर पॅकेटला नव्याने ठरवायचं. आणि ठरवायला वेळ किती मिळतो, ते एकदा मोजून बघाच.

इथरनेटवरचं लहानात लहान पॅकेट ६४ बाइटचं. त्याच्या आगेमागे सोडावी लागणारी जागा धरली की ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. तार १०० गिगाबिटची असेल, तर अशी जवळपास १५ कोटी पॅकेटं एका सेकंदात येऊन आदळू शकतात. एकेकाच्या वाट्याला येतात ६.७२ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाश किती पुढे जातो, सांगू? दोन मीटर! दिवा लागल्यावर उजेड पलंगाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायच्या आत एका पॅकेटचा निकाल लागलेला हवा.

बरं, शोधायचं कशात? जगभरची नेटवर्कं 'हे पत्ते माझ्याकडे' असं एकमेकांना सतत सांगत असतात. त्यासाठीची बीजीपी ही पद्धत कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी १९८९ साली जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर मांडली. तीच सुधारून आजही चालते. त्यातून तयार होणारी यादी आता दहा लाख ओळींच्या घरात आहे. ही झाली जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांची. आयपीव्ही६च्या दोन लाखांहून जास्त ओळी वेगळ्याच. शिवाय एका पत्त्याला चार-पाच ओळी लागू पडू शकतात. त्यांतली सर्वांत नेमकी निवडायची.

साध्या मेमरीत एकदा डोकवायलाच दहाहून जास्त नॅनोसेकंद जातात. दहा लाखांची यादी दरवेळी अर्धी करत गेलं तरी वीसेक वेळा डोकवावं लागेल. तोवर मागे पॅकेटांची रांग लागलेली!

मग करायचं काय? शोधायचंच नाही! वर्गात बाई पहिल्या बाकापासून एकेकाची वही तपासत जात नाहीत; 'हे गणित कोणी सोडवलंय?' म्हणतात आणि हात वर होतात. टीकॅम नावाची मेमरी नेमकं हेच करते. पत्ता आत टाकला की लाखो ओळी एकाच क्षणी स्वतःला ताडून बघतात. तिच्या कप्प्यात शून्य, एक आणि 'काहीही चालेल' अशा तीन नोंदी मावतात, म्हणून अर्धवट जुळणारे पत्तेही सापडतात. किंमत एवढीच, की दर प्रश्नाला सगळी मेमरी जागी होते. वीज खाते, तापते, महाग पडते. त्यामुळे ती मोजूनमापून बसवतात, आणि पुढे हवी तेव्हा वाढवता येत नाही.

हे मोजमाप चुकलं की काय होतं? १२ ऑगस्ट २०१४. सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० मालिकांतल्या अनेक राउटरांत आयपीव्ही४साठी ५१२ के, म्हणजे ५,२४,२८८ ओळींची जागा मूळ मांडणीतच ठरलेली होती. त्या दिवशी व्हेरायझन या इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमधून सुमारे १५ हजार जास्तीच्या ओळी थोडा वेळ बाहेर पडल्या आणि जगाची यादी ती रेघ ओलांडून गेली. न मावलेल्या पत्त्यांची पॅकेटं राउटरच्या सर्वसाधारण प्रोसेसरवर येऊन पडली. त्या बिचाऱ्याला हा वेग कुठला झेपायला! ठिकठिकाणी इंटरनेट रखडलं. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. वही भरली होती, बस. गंमत म्हणजे सिस्कोने काही महिने आधीच इशारा दिला होता. आयपीव्ही६च्या वाट्याची जागा कापून व्ही४ला द्यायची आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, एवढाच उपाय होता.

म्हणून नवा राउटर घेताना खोक्यावरच्या गिगाबिटांना भुलू नका. तो आकडा बहुतेकदा मोठ्या पॅकेटांवर मोजलेला असतो. १० गिगाबिटच्या तारेत १,५०० बाइटची पॅकेटं सेकंदाला ८ लाखच मावतात. ६४ बाइटची मावतात जवळपास दीड कोटी. तीच तार, पण काम अठरा पट! आणि हल्लेखोर अनेकदा लहान पॅकेटंच निवडतात.

आणखी एक. बाहेर जायला एकच वाट असलेल्या छोट्या कंपनीला ही सगळी यादी लागतच नाही. 'जे काही असेल ते वर पाठव' ही एक ओळ पुरते. दोन-तीन पुरवठादार जोडले आणि त्यांच्यातली चांगली वाट पत्त्यागणिक निवडायची असली, तरच पूर्ण यादीचा प्रश्न येतो. ते न बघता महागडं यंत्र आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

पूर्ण यादी हवीच असेल, तर विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. व्ही४ आणि व्ही६ दोन्ही एकदम चालू असताना हार्डवेअरमध्ये किती ओळी मावतात? आणि जागा भरल्यावर पुढच्या पॅकेटाचं काय होतं? उत्तर लेखी घ्या.