भिंतीवरची दवंडी

१९१९ च्या शरद ऋतूत मॉस्कोतल्या त्वेर्स्काया रस्त्यावरची दुकानं ओस पडली होती. क्रांतीला दोन वर्षं झालेली, यादवी युद्ध पेटलेलं, पाव रेशनवर, कापडाचा आणि साबणाचा पत्ता नाही. विकायला मालच नसल्यामुळे दुकानांच्या मोठमोठ्या काचेच्या खिडक्या नुसत्या धूळ खात होत्या. मिखाइल चेरेम्निख या व्यंगचित्रकाराला त्यांत फुकटची जागा दिसली. ताज्या बातम्या आणि त्यांवरची रंगीत चित्रं असा एक मोठा कागद हाताने तयार करून त्याने एका खिडकीत लावला. येणारे-जाणारे थबकू लागले. रोस्टा या सरकारी तार वृत्तसंस्थेने ही कल्पना उचलून धरली आणि ‘रोस्टाच्या खिडक्या’ सुरू झाल्या.

थोड्याच दिवसांत कवी व्लादिमीर मायाकोव्हस्की तिथे येऊन दाखल झाला. धिप्पाड बांध्याचा, खड्या आवाजाचा हा कवी चित्रकलेचंही शिक्षण घेतलेला होता. खिडक्यांवरचा बहुतेक सगळा मजकूर त्याने लिहिला आणि शेकडो चित्रं स्वतः काढली. सोबत चेरेम्निख, इव्हान माल्युतिन आणि इतर मंडळी होतीच. खोलीत थंडी आणि लोखंडी शेगडीचा धूर. झोप लांबू नये म्हणून उशीऐवजी लाकडाचा ओंडका डोक्याखाली घेत असे, असं मायाकोव्हस्कीने पुढे लिहून ठेवलं आहे.

कामाची रीत ठरून गेलेली होती. आघाडीवरून किंवा सरकारी कचेरीतून तार येई. विषय ठरे, मायाकोव्हस्की चटकन यमकं जुळवी, चित्रकार चार-सहा, कधी बारा चौकटींत गोष्ट मांडी. तारेपासून खिडकीपर्यंतचा प्रवास कधी कधी तासाभरात उरके. छापखान्याला हा वेग जमणारा नव्हता. शिवाय कागद आणि शाई दोन्हींची चणचण होती. म्हणून मूळ चित्रावरून पुठ्ठ्याच्या स्टेन्सिली कापल्या जात. प्रत्येक रंगाची स्टेन्सिल वेगळी. सरसात कालवलेला रंग त्यांतून ब्रशने भरायचा, की दुसरी प्रत तयार. अशा शंभर-दीडशे प्रती निघत आणि गावोगावी रवाना होत. १९२२ च्या सुरुवातीला काम थांबलं, तोवर एकट्या मॉस्कोत सुमारे सोळाशे खिडक्या झाल्या होत्या.

या चित्रांना शैली मिळाली ती स्टेन्सिलमुळे. पुठ्ठा कापून नाजूक छटा काढता येत नाहीत. त्यामुळे आकार सपाट झाले, कडा धारदार झाल्या, रंग दोन-तीनवर आले. कामगार आणि लाल सैनिक अखंड लाल. भांडवलदार गोल पोटाचा, उंच टोपीचा. रोज नवी गोष्ट असली तरी पात्रं तीच. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही कोण आपला आणि कोण परका हे लांबूनच कळे. १८९७ च्या शिरगणतीत रशियात पाचातला जेमतेम एक माणूस साक्षर निघाला होता. त्यामुळे या गोष्टीला फार मोल होतं.

पेत्रोग्राद शहरात व्लादिमीर लेबेदेव्ह आणि त्याच्या सोबत्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी लिनोलियमवर चित्र कोरून ठसे काढले आणि ते हाताने रंगवले. लिनोकटची हीच वाट पुढे मुंबईतही भेटते.

पोस्टरची ही भाषा रशियन माणसाला सर्वस्वी नवी नव्हती. ‘लुबोक’ नावाची स्वस्त, रंगीत लोकचित्रं शेतकऱ्यांच्या झोपड्यांत शतकानुशतकं लागत आली होती. चर्चमधल्या मूर्तिचित्रांत लाल रंगाला मान होता आणि महत्त्वाची व्यक्ती आकाराने मोठी काढायची पद्धत होती. महाराष्ट्रातही असं घडलेलं होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. तिथून निघालेली देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछापाची चित्रं घराघरांत गेली. देवघरातून आलेली नजर देशाच्या कामी लावायची, ही युक्ती दोन्हीकडे वापरली गेली.

छापील पोस्टरांत सर्वांत गाजलेलं नाव दिमित्री मूर याचं. १९२० मध्ये त्याने एका रात्रीत काढलेल्या पोस्टरवर लाल सैनिक बघणाऱ्याच्या छातीवर बोट रोखून विचारतो, स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलंस का? मागे धूर ओकणारे कारखाने. बोट रोखण्याची कल्पना १९१४ मधल्या ब्रिटिश सैन्यभरतीच्या, लॉर्ड किचनरच्या चित्रातून आलेली. त्या काळच्या कित्येक पोस्टरांच्या तळाशी बारीक अक्षरांत तंबीही छापलेली असे: हे पोस्टर फाडणारा किंवा त्यावर दुसरं चिकटवणारा क्रांतिविरोधी कृत्य करतो आहे.

एल लिसित्स्कीने तर माणूसच काढून टाकला. लाल त्रिकोण पांढऱ्या वर्तुळात घुसतो, एवढंच त्याच्या पोस्टरवर दिसतं. आज जगभरच्या कलाशाळांत ते शिकवलं जातं. त्या काळच्या खेडुताला मात्र त्या भूमितीपेक्षा मूरचं रोखलेलं बोट नक्कीच लवकर कळलं असेल.

मूरचं सर्वांत थोर काम युद्धावरचं नाही. १९२१-२२ मध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात दुष्काळ पडला आणि सुमारे पन्नास लाख माणसं मेली. मूरने काळ्या पार्श्वभूमीवर हाडांचा सापळा झालेला, दोन्ही हात वर केलेला म्हातारा शेतकरी काढला. मागे धान्याचं मोडलेलं ताट. खाली एकच शब्द, ‘मदत करा’. मात्र त्या दुष्काळाला अवर्षणाबरोबरच सरकारी धान्यवसुलीही कारणीभूत होती. बंदुकीच्या धाकाने शेतकऱ्याच्या कोठारातून धान्य उचललं गेलं होतं आणि सरकारला धान्य द्या असं बजावणारी पोस्टरं आधीची दोन-तीन वर्षं गावोगावी लागली होती. प्रचारचित्र किती खरं आणि किती खोटं असू शकतं, हे पाहायला ही दोन पोस्टरं शेजारी शेजारी ठेवावीत.

पुढे ही कलाच सरकारजमा झाली. १९३० च्या एप्रिलमध्ये मायाकोव्हस्कीने आत्महत्या केली. १९३१ मध्ये पोस्टरनिर्मिती सरकारी प्रकाशनाच्या एकछत्री ताब्यात गेली. छायाचित्रं कापून-जोडून पोस्टर करण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या गुस्ताव्ह क्लुत्सिसने स्टालिनच्या गौरवासाठी आपली कला वेचली होती. १९३८ मध्ये स्टालिनच्याच पोलिसांनी त्याला गोळी घातली.

याच दशकात वर्धा जिल्ह्यात निरक्षर खेड्यापर्यंत पोचण्याचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला जात होता. पुलगावला खेटून असलेलं नाचणगाव घ्या. कापसाचा मुलूख, रेल्वे हाकेच्या अंतरावर, पण वर्तमानपत्र वाचणारे थोडे. बातमी यायची ती बाजारातून, कीर्तनातून, नाहीतर दवंडीतून. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले. काँग्रेसचं अधिवेशन शहरात न भरवता खेड्यात भरवायचं, हा त्यांचा आग्रह. पहिलं असं अधिवेशन त्याच वर्षीच्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला झालं. सजावटीला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. मी चित्रकार, बांधकामातलं मला काय कळतं, अशी त्यांची अडचण होती. निष्णात वादक नको, जीव ओतून वाजवणारा हवा, अशा अर्थाचं उत्तर गांधीजींनी दिल्याची आठवण सांगितली जाते. बांबू आणि गावात मिळेल ते सामान वापरून नंदलालांनी नगर उभं केलं.

१९३८ च्या अधिवेशनात गुजरातेत हरिपुऱ्याला त्यांनी यावर कडी केली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून सुमारे चारशे चित्रफलक केले. त्यांतले ऐंशीहून अधिक खुद्द नंदलालांच्या हातचे होते. कागद, मातीचे रंग, रुंद कुंचल्याची जोरकस रेघ. ढोलकी बडवणारा, चांभार, नांगर धरलेला शेतकरी, मुलाला घेतलेली आई, कुस्ती खेळणारे गडी. त्यांवर घोषणा नाही, शत्रू नाही, रोखलेलं बोट नाही. मूर बघणाऱ्याला जाब विचारत होता. नंदलाल खेडुताला त्याचंच रूप दाखवत होते आणि देश म्हणजे तू, असं न लिहिता सांगत होते. साधनं मात्र दोन्हीकडे सारखीच बेताची होती.

मॉस्कोच्या जवळ जाणारं काम झालं ते मुंबईत. चाळीसच्या दशकात सँडहर्स्ट रोडजवळ कम्युनिस्ट पक्षाचं मुख्यालय होतं. सरचिटणीस पूरणचंद जोशी यांना चित्रकार, छायाचित्रकार, गायक सगळेच हवे असत. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद भट्टाचार्य तिथे येऊन राहिले. १९४३ मध्ये मिदनापूर भागात पायी हिंडून त्यांनी उपाशी माणसं समोर बसून चितारली होती. त्या चित्रांचं ‘हंग्री बेंगाल’ हे पुस्तक निघताच इंग्रज सरकारने त्याच्या सुमारे पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. मूरचा म्हातारा एका जमातीचं प्रतीक आहे. चित्तप्रसादांच्या चित्राखाली मात्र अनेकदा त्या माणसाची हकिकतही लिहिलेली असे.

मे १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इप्टा या नाट्यसंघाचं बोधचिन्ह, नगारा बडवणारा माणूस, तेही चित्तप्रसादांचंच. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हा त्यांची लेखणी आणि कुंचला त्या बंडाच्या बाजूने होता. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते पक्षापासून दुरावले आणि अंधेरीत एकट्याने राहू लागले. तिथे लिनोकट हे त्यांचं मुख्य माध्यम झालं. लिनोलियमचा तुकडा, दोन-तीन कोरण्या, काळी शाई, रूळ, एवढ्यावर काम भागतं. जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, अक्षरं उलटी कोरायची, शाई फिरवून कागद दाबायचा. यंत्र नसलं तरी चमच्याच्या पाठीने घासून ठसा उठतो. हॉटेलात कपबशा धुणारी, ओझी वाहणारी, रस्त्यावर झोपणारी मुलं त्यांनी याच काळ्या-पांढऱ्यात कोरली.

ज्यांना चित्रही दिसणार नव्हतं, त्यांच्यासाठी मुंबईच्या चाळींत डफ होता. स्टालिनग्राडची लढाई चालू असताना रशियात चेरेम्निख आणि त्याचे सहकारी पुन्हा पुठ्ठे कापत होते, आता तास या वृत्तसंस्थेच्या खिडक्यांसाठी. इकडे अण्णा भाऊ साठे त्याच लढाईवर पोवाडा रचून कामगारवस्तीत गात होते. पुढे १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तारेने आलेल्या बातमीला यमकात बसवून चौकात नेण्याचं मायाकोव्हस्कीचं काम मराठीत शाहिरांनी केलं.

आज नाचणगावसारख्या गावांत भिंतींवर सरकारी योजना, बियाणं आणि सिमेंट रंगलेलं दिसतं आणि चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सला रंगांची मर्यादा नाही, चेहऱ्यांच्या संख्येचीही नाही. त्यामुळे काय गाळायचं हा प्रश्न छापणाऱ्याला पडत नाही. स्टेन्सिल कापणाऱ्याला मात्र तो प्रत्येक रेषेला पडत होता.

त्या काळच्या कामातलं बरंच नाहीसं झालं. हलक्या कागदावरच्या खिडक्या पावसात आणि बर्फात गेल्या. हरिपुऱ्याचे अनेक फलक दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पोचले. ‘हंग्री बेंगाल’ची एक प्रत चित्तप्रसादांच्या घरच्यांनी जपून ठेवली होती. तिच्यावरून २०११ मध्ये दिल्लीच्या एका कलादालनाने ते पुस्तक जसंच्या तसं छापलं आणि सोबत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं.