डिकीतलं बुटकं चाक

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडे जाताना, खंबाटकी घाटाच्या अलीकडे आमच्या गाडीचा पुढचा टायर पंक्चर झाला. डिकीतलं सामान रस्त्याकडेला मांडून स्टेपनी काढली, तर ती अरुंद आणि बुटकी. आई म्हणाली, "अरे, हे स्कूटरचं चाक कुणी ठेवलं?"

अशा चाकाने जागा वाचते, वजन आणि खर्च घटतो. पण ते जवळच्या टायरवाल्यापर्यंत पोचण्यासाठी असतं. त्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. अगदी अरुंद प्रकारात हवा ६० पीएसआय लागते, नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. ती तपासतो कोण? आमची बसलेलीच होती! नशिबाने सोबत पंप होता.

आमच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. तिथे कमी घेराचं चाक लावलं की गाडी एका बाजूला ओढते, डिफरन्शियलवर ताण येतो. म्हणून मागचं चांगलं चाक पुढे घेतलं आणि छोटं मागे लावलं. पावसात दोनदा जॅक लावणं जिवावर आलं, हे कबूल. पंक्चर झालेलं मोठं चाक डिकीतल्या खळग्यात मावेना. ते चिखलासकट आईशेजारी बसलं.

२०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर कारला स्टेपनीची सक्ती नाही. मी मात्र बुटकं का होईना, चाक असलेलीच गाडी घेईन. खड्ड्यात टायरची कड फाटली, तर त्या संचाचा काही उपयोग होत नाही.