तारानकाशाला अजून मुंबईचीच वेळ कळते

आपली रास कोणती, हे लालबाग-परळच्या चाळीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. घरात कुणाला साडेसाती चालू आहे, हेही त्याने ऐकलेले असते. पण तो शनी आकाशात कुठे आहे, असे विचारले तर घरातले थोरही एकमेकांकडे बघू लागतात. ज्याची एवढी धास्ती घ्यायची, त्याला एकदा पाहून तरी घ्यावे की! त्यासाठी दुर्बीण लागत नाही. पुठ्ठ्याचा एक फिरता तारानकाशा आणि घरातले पंचांग एवढ्यावर काम भागते.

हा नकाशा म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन चकत्या. खालच्या चकतीवर तारे आणि कडेला वर्षाच्या तारखा. वरच्या चकतीला लंबगोल खिडकी आणि कडेला तास. तारीख आणि वेळ समोरासमोर आणली की त्या क्षणीचे आकाश खिडकीत हजर. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, म्हणजे महिन्यात दोन तास. वर्षभरात हा हिशेब चोवीस तासांचा होतो, म्हणूनच तारखांचे आणि तासांचे वर्तुळ एकमेकांत चपखल बसते.

पण आपल्या मनगटावरची वेळ या चकतीला चालत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. त्यामुळे मुंबईची खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या ३९ मिनिटे मागे असते. १९०६ च्या जानेवारीत प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी ती सुखासुखी स्वीकारली नव्हती. गिरणी कामगारांनी निषेध केला, सभा झाल्या, आणि ‘मुंबई वेळ’ शहरातून पूर्णपणे जायला १९५५ साल उजाडले. माणसांनी ती सोडली, ताऱ्यांनी नाही! तेव्हा नकाशा लावताना घड्याळातून ३९ मिनिटे वजा करावीत. चकतीवरच तशी दुरुस्ती केलेली असेल तर प्रश्नच नाही.

दुसरी काळजी अक्षांशाची. परदेशातून कुणी हौसेने आणलेली चकती इथे फसवते. लंडनच्या चकतीवर अगस्तीचा तारा नसतोच, कारण तो तिथे कधी उगवत नाही. मुंबई १९ अंशांवर आहे, म्हणून आपला ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. उत्तरेला दोन मुठी मोजल्या की ध्रुव. गंमत म्हणजे अगस्तीही दक्षिणेला जास्तीत जास्त तेवढाच, सुमारे १८ अंश चढतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस गिरगाव चौपाटीवर जाऊन पाहा. घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटे झाली की चकतीवर आठ लावायचे. नकाशा टेबलावर ठेवून वाचू नये, पूर्व-पश्चिमेची उलटापालट होते. तो डोक्यावर धरायचा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करायची. माथ्यापासून जरा पश्चिमेला मृग. त्यातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ पुढे वाढवली की दक्षिणेला लखलखणारा व्याध. व्याधाच्या खाली साडेतीन मुठी, समुद्रावर, अगस्ती. (चकतीवर दक्षिणेची नक्षत्रे ताणलेली दिसतात, त्यामुळे तिथे मुठीचाच भरवसा.) ईशान्येला सप्तर्षी वर येत असतात. चौपाटीवर ज्यांचा पुतळा आहे त्या लोकमान्यांनी १८९३ साली याच मृगावरून वेदांचा काळ ठरवणारा ‘ओरायन’ लिहिला, हेही मुलांना तिथेच सांगून टाकावे.

मुंबईच्या दिव्यांत तारे दिसतात कुठे, ही तक्रार अर्धी खरी आहे. अंधूक तारे गेले, ठळक उरले. पण नवशिक्याला हे सोयीचेच. खगोल मंडळाबरोबर वांगणीला रात्र जागवायला गेलेला माणूस तिथल्या ताऱ्यांच्या गर्दीत प्रथम हरवतो. दादरच्या गच्चीवर ठळक तेवढेच दिसत असल्याने मृग चटकन सापडतो.

आता ग्रह. ते चकतीवर छापलेले नसतात, कारण ते जागा बदलतात. छापलेला असतो तो क्रांतिवृत्ताचा मार्ग, आणि ग्रह सापडतात ते त्याच्या आसपासच. नकाशात नसलेला, फारसा न लुकलुकणारा ठळक ठिपका या मार्गावर दिसला की ग्रह समजावा. कोणता, ते पंचांग सांगते. गुरू एका राशीत सुमारे वर्षभर, शनी अडीच वर्षे. मग ती रास चकतीवर शोधायची. आपली पंचांगे निरयन असल्याने रास आणि तारकासमूह बऱ्यापैकी जुळतात. इंग्रजी राशिभविष्यातल्या राशी मात्र सुमारे २४ अंशांनी सरकलेल्या असतात, त्यांच्या नादी लागू नये. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी पंचांगानुसार मकरेत जवळजवळ चिकटलेले होते, आणि आकाशातही मकरेतच. शुक्राला पंचांगही लागत नाही. तो सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री माथ्यावर ‘शुक्र’ दाखवणाऱ्याला खुशाल हसावे.

लहान मुलांना चंद्रापासून सुरुवात करून द्यावी. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये रोजचे नक्षत्र असते. तिथे रोहिणी लिहिले असेल त्या रात्री चंद्राजवळचा तांबूस तारा शोधायचा. आणि पावसाळाभर खुंटीला टांगलेली चकती कार्तिकी पौर्णिमेला खाली काढावी. त्या संध्याकाळी पूर्वेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. महिन्याला कार्तिक हे नाव त्यावरूनच पडले. चंद्रप्रकाशात कृत्तिकांचा पुंजका दिसणार नाही. चार-पाच दिवसांनी, चंद्र उशिरा उगवू लागला की, पुन्हा गच्चीवर जावे.