नव्या आवृत्तीचा प्रवास

१९ जुलै २०२४ रोजी भारतातील कित्येक विमानतळांवर प्रवाशांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. संगणकांचे पडदे निळे पडले होते आणि विमानकंपनीचे कर्मचारी प्रवाशांस हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. जगातील सुमारे ८५ लक्ष संगणक त्या दिवशी एकाएकी बंद पडले. हे कोणा शत्रूचे कृत्य नव्हते. संगणकांचे रक्षण करणाऱ्या एका आज्ञावलीसाठी तिच्याच निर्मात्यांनी धाडलेली एक लहानशी सुधारणा या अनर्थास कारण झाली होती.

कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे संगणकास सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. कितीही निष्णात माणसाने लिहिली, तरी ती पहिल्याच खेपेस निर्दोष उतरणे कठीण. म्हणून तिची पहिली आवृत्ती बहुधा करणाऱ्यांच्याच हाती राहते. तिला ‘अल्फा’ म्हणतात. ढोबळ दोष निघाले, की ‘बीटा’ आवृत्ती बाहेरच्या काही लोकांस वापरावयास देतात. हे लोक मोठे उपयोगी! कोणी नावाच्या जागी आकडे लिहितो, कोणी काम अर्धवट टाकून संगणकच बंद करतो. आणि कर्त्याच्या स्वप्नातही न आलेले दोष उजेडात येतात. पुढे येते ती ‘उमेदवार’ आवृत्ती. तीत नवे काही घालावयाचे नाही, उरलेले दोष तेवढे काढावयाचे, असा दंडक असतो. या कसोटीस उतरल्यावर आज्ञावली सर्वांस खुली होते.

तथापि त्यानंतरही सुधारणा चालूच असतात. सावध निर्माते प्रत्येक सुधारणा प्रथम थोड्या संगणकांवर धाडतात, वाट पाहतात आणि मग हळूहळू संख्या वाढवितात. पहिल्या तुकडीस ‘कॅनरी’ म्हणतात. पूर्वी ब्रिटनमधील खाणकामगार कोळशाच्या खाणीत या नावाचा चिमुकला पक्षी नेत. विषारी वायूची बाधा माणसाआधी त्याला होई. तो मलूल झालेला दिसताच कामगार बाहेर धाव घेत.

वर सांगितलेली आज्ञावली क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची होती. आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने जात. परंतु नव्या हल्ल्यांची माहिती देणाऱ्या छोट्या फाइली एकदम सर्वत्र जात. चोर काही थांबत नाहीत, तेव्हा या घाईत तथ्य नव्हते असे नाही. त्या दिवशीच्या फाइलीनुसार एकवीस बाबी तपासावयाच्या होत्या. आज्ञावली मात्र वीसच पुरवीत होती. एकविसावी शोधावयास गेलेला संगणक कोलमडे. फाइल आधी तपासली नव्हती काय? तपासली होती, पण तपासणाऱ्या यंत्रणेतही दोष होता.

भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघालेली ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु जो संगणक धड सुरूच होत नाही, त्याला दुरुस्ती पोहोचावी कशी? असंख्य ठिकाणी माणसांनी एकेका संगणकापाशी बसून ती फाइल हाताने काढली. पुढे कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्यानेच धाडण्याचे ठरविले आणि त्या केव्हा घ्याव्यात, हे ठरविण्याची मुभा ग्राहकांस दिली.