चांदीची चकाकी आणि चांदीचे वजन

खामगावच्या एका व्यापारी कुटुंबाशी माझा परिचय बँकेतील नोकरीच्या काळापासूनचा. निवृत्तीनंतर एकदा त्यांच्याकडे गेलो असता दिवाळीपूर्वीची आवराआवर चालली होती. कपाटातून आजीच्या वेळचे चांदीचे तबक बाहेर निघाले. काठावरची वेलबुट्टी जवळजवळ नाहीशी झाली होती. मधल्या अष्टमंगलातील मत्स्ययुगल बोटाला लागत नव्हते, केवळ तिरप्या उजेडात दिसत होते. "दर दिवाळीला पॉलिश करून घेतो, साहेब. एकही वर्ष चुकवलेले नाही," यजमान अभिमानाने म्हणाले.

त्यांच्या वडिलांची जुनी वही घरात जपलेली होती. तीत नोंद सापडली : चांदीचे तबक, नग १, तोळे ८६. म्हणजे सुमारे १,००३ ग्रॅम. आम्ही तबक काट्यावर ठेवले. वजन भरले ९६८ ग्रॅम. पस्तीस ग्रॅम चांदी कमी! चोरी झाली नव्हती, कोणी फसविलेही नव्हते. दरवर्षी थोडी थोडी चांदी घासणाऱ्याच्या कापडावर आणि चाकावर निघून गेली होती. व्हाउचरशिवाय नावे पडलेली ती रक्कम पाहून माझ्यातला बँक अधिकारी अस्वस्थ झाला आणि या विषयाचा अभ्यास तेथूनच सुरू झाला.

आपला बुलढाणा जिल्हा आणि चांदी यांचे नाते जुने आहे. कापसाच्या बाजारपेठेसाठी १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेफाटा झाला. त्याच कापसाच्या खामगावाला पुढे चांदीच्या व्यवहाराने 'रजतनगरी' हे नाव मिळवून दिले. येथील चांदीच्या शुद्धतेविषयी दूरदूरच्या ग्राहकांना विश्वास वाटतो. ज्या जिल्ह्याने चांदी विकून नाव कमावले, त्या जिल्ह्यातील घरांनी ती राखण्याचे शास्त्रही जाणून घ्यावयास हवे.

चांदी काळी का पडते? लोखंड गंजते ते प्राणवायू आणि ओलाव्याने. चांदीचा खरा शत्रू मात्र गंधक आहे. लोणारच्या सरोवराकाठी जो उग्र दर्प येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. हाच वायू अत्यल्प प्रमाणात सर्वत्र हवेत असतो. चांदीच्या पृष्ठभागाशी त्याचा संयोग झाला की सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. थर पातळ असताना वस्तू पिवळसर दिसते, पुढे तपकिरी, जांभळट आणि शेवटी काळी. हवेत दमटपणा असेल तर ही क्रिया वेगाने होते. रबर, लोकर, हिंग आणि फटाक्यांचा धूर यांतही गंधक असते. म्हणून रबरबँड लावून किंवा लोकरीच्या कापडात गुंडाळून ठेवलेली वाटी कपाटातल्या कपाटात काळवंडते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तो काळा थर म्हणजे बाहेरून बसलेली धूळ नव्हे. त्यात आपलीच चांदी गंधकाशी बांधली गेलेली असते. पावडरीने घासले अथवा बफिंगच्या चाकावर धरले, की थराबरोबर ती चांदी जाते आणि खालची थोडी निर्मळ चांदीही जाते. दुकानात मिळणाऱ्या झटपट द्रावणात वस्तू बुडविली तरी थरातील चांदी द्रावणातच विरघळते. दारोदार फिरणाऱ्या पॉलिशवाल्यांविषयी तर विशेष सावध असावे. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते. वस्तू चकचकीत होऊन परत येते, पण वजनाचा हिशेब कोणी मागत नाही.

मग उपाय काय? रसायनशास्त्राने एक सोपा मार्ग दिला आहे. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरावी. गरम पाण्यात लिटरला एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि थोडे मीठ घालावे. वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवावी. अ‍ॅल्युमिनियमची ओढ चांदीपेक्षा कितीतरी प्रबळ असल्याने थरातील चांदी गंधकापासून सुटते आणि पुन्हा धातुरूपाने वस्तूवरच राहते. काही मिनिटांत काळेपणा ओसरतो. थोडा दर्प येतो, म्हणून खिडकी उघडी असावी. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन सुती कापडाने कोरडे करावे. चकाकी किंचित मंद वाटली, तर मऊ कापडाचा हलका हात पुरतो. मात्र मीना, खडे किंवा आत लाख भरलेल्या वस्तू तसेच मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी यांना हा उपाय करू नये. तेथे सौम्य साबणाचे किंवा रिठ्याचे पाणी बरे.

आता पृष्ठभागाची दुसरी बाजू पाहू : मुलामा. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतबंधूंनी १८४० साली विजेच्या साहाय्याने चांदीचा थर चढविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हे विद्युत् विलेपन मायकेल फॅरडे यांच्या नियमानुसार चालते आणि त्याचा हिशेब व्यापाऱ्याला आवडावा इतका चोख आहे. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला, की सुमारे चार ग्रॅम चांदी जमा होते. एक फूट लांब व एक फूट रुंद पितळी तबकाच्या एका बाजूला पाच मायक्रॉन जाडीचा थर द्यावयास पाच ग्रॅमही चांदी लागत नाही. मुलामा हा दोष नव्हे. मुलामा भरीव म्हणून विकणे हा दोष आहे. या कामात सायनाइडयुक्त द्रावणे वापरली जातात. ती अतिशय विषारी असून आम्लाशी त्यांचा संपर्क आल्यास प्राणघातक वायू निर्माण होतो. तेव्हा स्वस्त काम शोधताना ते कारागीर मोकळ्या हवेत काम करतात का आणि सांडपाणी कोठे जाते, हेही विचारावे. अहिंसेचा विचार करणाऱ्या ग्राहकाचा हा प्रश्न अस्थानी नाही.

या शास्त्राचे मोठे केंद्र आपल्या देशातच आहे. तामिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत रासायनिक संशोधन संस्थेत धातूंची झीज आणि विलेपन यांवर संशोधन चालते. तिच्यासाठी डॉ. अळगप्पा चेट्टियार यांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले. १९५३ साली तिचे उद्घाटन झाले. ते नगरथार चेट्टियार या व्यापारी समाजातले होते. दानाचा ओघ प्रयोगशाळेकडेही वळू शकतो, याचे हे उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये पीटर जॉन्स यांनी चांदीत थोडे जर्मेनियम मिसळून सहजी काळी न पडणारी चांदी तयार केली. जर्मेनियम ऑक्साइडचा पारदर्शक थर तिचे रक्षण करतो.

खरेदीच्या वेळी काय पाहावे? क्ष-किरणांचे यंत्र केवळ वरचा थर वाचते. जाड मुलामा असल्यास ते फसू शकते. भरीव वस्तूसाठी पाण्यातील वजनाची जुनी कसोटी उपयोगी आहे. ४२० ग्रॅमची शुद्ध चांदी पाण्यात तोलली असता सुमारे ४० ग्रॅम हलकी भरते, तर तेवढेच पितळ सुमारे ५० ग्रॅम. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कवरही एचयूआयडी हा स्वतंत्र क्रमांक आला आहे. तो ऐच्छिक असला तरी आग्रहाने मागावा. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारणाचे नवे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत ते अमलात आणण्यास सांगितले. त्यांत चांदीच्या दागिन्यांना १० किलोची आणि नाण्यांना ५०० ग्रॅमची मर्यादा आहे. कर्ज मिळते ते वजन आणि शुद्धता यांवर. चकाकीला तारणमूल्य नाही.

मंदिरांच्या विश्वस्तांना एक विनंती. दरवाजे आणि सिंहासन यांवर बहुधा लाकडावर बसविलेला चांदीचा पातळ पत्रा असतो. प्रत्येक महोत्सवापूर्वी तो चाकाखाली गेला, तर कडांवरून लाकूड दिसू लागेल आणि दात्यांनी दिलेली चांदी कोणत्याही ठरावाशिवाय खर्ची पडेल. छत्र, कलश यांसारख्या सुट्या वस्तूंचे पॉलिशपूर्वी आणि नंतरचे वजन दोन साक्षीदारांसमक्ष नोंदवावे. केशर-चंदनाचे डाग त्याच दिवशी धुवावेत.

त्या तबकाचे पुढे काय झाले? यंदा ते चाकावर गेले नाही. सुनेने ते सोड्याच्या पाण्यातून काढले, सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवले आणि सासऱ्यांच्या वडिलांच्या वहीत जुन्या नोंदीखाली नवी ओळ लिहिली : तबक १, ग्रॅम ९६८. मत्स्ययुगल आता पूर्ववत होणार नाही; पण जेवढे उरले आहे, तेवढे पुढच्या पिढीच्या हाती नक्की पडेल.