ट्रॉलीला ब्रेक कशाला?

दिवाळी उलटली की परभणी जिल्ह्यातल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड भागात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागतात. पुढे दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे मोळ्यांनी वरपर्यंत रचलेली एक, पुष्कळदा दोन ट्रॉल्या. असा ट्रॅक्टर पाहिला की कोणीही विचारतो, "किती हॉर्सपॉवरचा?" म्हणजे किती ओढतो? हे ओझे थांबवणार कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो. अशा अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. त्याचा परिणाम काय होतो हे समजायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. ब्रेक फक्त चाकाला अडवतो. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण. हे घर्षण किती मिळेल याला मर्यादा आहे. चाकावर जितका भार, त्याला घर्षणांकाने गुणले की ती मर्यादा मिळते. त्यापलीकडे पेडल कितीही दाबले तरी चाक घसरते, इतकेच.

आता आकडे घेऊ. समजा ट्रॅक्टरचे वस्तुमान २००० किलो आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्या दोनच चाकांना असतात. त्या चाकांवर १३०० किलोचा भार धरू आणि कोरड्या डांबरी रस्त्यासाठी घर्षणांक ०.६ धरू. जास्तीत जास्त रोधक बल ०.६ × १३०० × ९.८, म्हणजे सुमारे ७६०० न्यूटन. एकट्या ट्रॅक्टरला हे बल ३.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके मंदन देते. ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर सुमारे ४ मीटरांत थांबतो.

मागे चारचाकी ट्रॉली जोडू. ट्रॉली आणि ऊस मिळून १० टन. अशा ट्रॉलीचे ओझे तिच्याच चार चाकांवर असते, ट्रॅक्टरवर त्यातले काही येत नाही. म्हणून रोधक बल तेच ७६०० न्यूटन राहते. थांबवायचे वस्तुमान मात्र १२ टन झाले. मंदन ०.६४ वर येते आणि थांबायला २४ मीटर लागतात. दुसरी तशीच ट्रॉली जोडली तर ४४ मीटर. चालकाला धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्यातले साडेपाच मीटर वेगळेच. शेतातून आलेल्या टायरांची काळी माती रस्त्यावर पसरली आणि वर दव पडले, की घर्षणांक निम्म्यावर येऊ शकतो आणि हे अंतर दुप्पट होते.

ही झाली सपाट रस्त्याची गोष्ट. आपला जिल्हा बराचसा सपाट आहे खरा, पण उत्तरेला जिंतूरकडे डोंगर आहेत, गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटचे फाटे आहेत, आणि नाल्याकडे उतरणारे जुने गावरस्ते तर सगळीकडेच आहेत. १५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर खाली नेणारा उतार घ्या. तिथे गुरुत्वाकर्षण गाडीला ०.६५ इतके त्वरण देते. एका ट्रॉलीसह ब्रेकचे मंदन होते ०.६४! म्हणजे चालकाने ब्रेक पूर्ण दाबला तरी ताशी २० चा वेग जवळजवळ २० च राहणार. दोन ट्रॉल्या असतील तर ब्रेक दाबलेला असूनही वेग वाढत जाणार. "ब्रेक फेल झाला" असे अशा वेळी म्हटले जाते. पुष्कळदा ब्रेक शाबूत असतो, त्याच्यावर टाकलेले गणित चुकलेले असते.

या हिशेबात दोन गोष्टी सोडून दिल्या आहेत. टायर फिरताना होणारा विरोध थोडी मदत करतो. उलट ट्रॉलीचा मागून येणारा धक्का ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी करून पुढच्या चाकांवर टाकतो, म्हणजे जिथे ब्रेक आहे तिथलीच पकड घटते. दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध असल्याने आपला ढोबळ हिशेब चालून जातो. हा धक्का वळणावर तिरका बसला तर ट्रॅक्टर आडवा फिरतो, ते वेगळेच संकट.

आता ट्रॉलीच्या मागच्या ॲक्सलला ब्रेक बसवू. ब्रेक लागल्यावर भार पुढे सरकतो, म्हणून त्या ॲक्सलवर चारच टन धरू. त्यातून २३,५०० न्यूटन बल मिळते. ट्रॅक्टरचे मिळवून ३१,००० झाले. आता सपाटीवर १२ टनांची ही जोडी ६ मीटरांत थांबते आणि मघाच्या उतारावर सुमारे ८ मीटरांत. जे ओझे संकट होते तेच आता चाकांना रस्त्यावर दाबून थांबायला मदत करते.

वर्गात हे दाखवायला एक स्प्रिंगकाटा, दोन सारख्या विटा आणि चाकांची खेळण्यातली गाडी पुरते. एक वीट टेबलावर ठेवून काट्याने ओढा व वाचन घ्या. तिच्यावर दुसरी वीट ठेवा, वाचन दुप्पट होईल. आता दुसरी वीट गाडीवर ठेवून ती गाडी पहिल्या विटेच्या मागे दोरीने बांधा. ओझे दोन विटांचे, घर्षण मात्र जेमतेम एकीचे. मग गाडीची चाके सुतळीने जखडून पुन्हा ओढून पाहा. ट्रॉलीच्या ब्रेकची सगळी कहाणी या चार वाचनांत आहे.

रेल्वेपुढे हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी आला होता. इंजिनाला ब्रेक होता, डब्यांमध्ये ठिकठिकाणी बसलेली माणसे हाताने ब्रेक आवळत. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या दाबाने सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लावण्याची युक्ती काढली. पण खरी खुबी त्याच्या १८७२ च्या सुधारणेत होती. तिच्यात नळीतला दाब ब्रेक सोडवून ठेवतो. दाब गेला की ब्रेक लागतो. साहजिकच डबे तुटून मागे राहिले तर नळी फाटते आणि ते आपोआप थांबतात.

युरोपात मोटारीमागे होडी, सामान किंवा घोडा नेण्याचे ट्रेलर सर्रास दिसतात. तिथे ७५० किलोंपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. यांतल्या लहान ट्रेलरांना बहुधा जडत्वावर चालणारा ब्रेक असतो. मोटार मंदावली की ट्रेलर पुढे सरकू पाहतो, त्याचा सरकता दांडा आत दाबला जातो आणि तोच दांडा तारेने ट्रेलरचे ब्रेक ओढतो. धक्का जितका मोठा, ब्रेक तितका घट्ट. कल्पना सुंदर आहे, पण मोटारीमागच्या ट्रेलरांसाठी ती ३५०० किलोंपर्यंतच चालते. शिवाय गाडी मागे घेतानाही दांडा दाबला जातो, त्यासाठी वेगळी सोय लागते. आपल्या उसाच्या ओझ्याला ट्रॅक्टरच्या पेडलशी जोडलेला तेलाच्या किंवा हवेच्या दाबाचा ब्रेकच हवा. ट्रॅक्टरला त्याची जोडणी हवी आणि ट्रॉलीलाही. एकाच ट्रॅक्टरमागे आज एकाची, उद्या दुसऱ्याची ट्रॉली लागते, तिथे ही जोडणी सारखी नसणे हीच माझ्या मते खर्चाइतकीच मोठी अडचण आहे.

ब्रेक बसवला म्हणजे ट्रॉलीची वाहण्याची क्षमता वाढली, असे मात्र नव्हे. ती ॲक्सल, बेअरिंग, टायर, पाटे आणि सांगाडा यांवर ठरते. त्यांत सर्वांत कमजोर काय, तेवढीच क्षमता. उलट ब्रेक लागताना ॲक्सलला पिळणारे नवे बल येते, म्हणून साध्या ॲक्सलला वेल्डिंगने ड्रम चिकटवून भागत नाही. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक सारखे लागले पाहिजेत आणि ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागला तर जोडणी ताणलेली, म्हणजे सरळ राहते.

दुचाकी ट्रॉलीची तऱ्हा वेगळी. तिचे काही ओझे ट्रॅक्टरच्या हुकावर येते आणि मागच्या चाकांची पकड वाढते. पण ऊस मागच्या बाजूला जास्त भरला तर उलटे होते. उलाळ झालेली बैलगाडी जू वर उचलते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही.

राहिला उतार आणि उष्णता. १२ टनांची जोडी २० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे साडेतेवीस लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकच्या लायनरवर टाकली तर लायनर तापून त्याची पकड सुटू लागते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकला तर पुष्कळ भार इंजिन घेते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा चालक ही मदत सोडून देतो, आणि वेग वाढल्यावर भरल्या ट्रॉलीसह पुन्हा गिअर पडणे कठीण असते. ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडले शेतात वळण्यासाठी वेगळी असतात. रस्त्यावर येताना ती खिटीने जोडून घ्यावी लागतात. एकच पेडल दाबले गेले तर एक चाक थांबते आणि मागचे दहा टन ट्रॅक्टरला त्या चाकाभोवती फिरवतात.